लिटल अंदमानच्या लाटा आणि पाच क्रॉस

अंदमान हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर तुरुंगाच्या कोठड्या उभ्या राहतात. ते स्वाभाविकच आहे. सावरकर बंधूंनी त्या कोठड्यांत काढलेल्या वर्षांनी अंदमानचे आपल्या मनातले चित्र कायमचे ठरवून टाकले आहे. परंतु तो तुरुंग बांधून पुरा झाला १९०६ साली. त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी, पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या लिटल अंदमान बेटाच्या किनाऱ्यावर एक घटना घडली. तिच्यामुळे पाच सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजी साम्राज्यातले सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हे पदक रणांगणावर मिळते अशी सर्वांची समजूत आहे, आणि आज ती खरीही आहे. या पाचांना मात्र ते मिळाले एका होडीत, वल्ही मारल्याबद्दल. त्यांनी कोणाला मारले नव्हते, सतरा माणसांना समुद्रातून परत आणले होते.

त्या काळचे अंदमान कसे होते हे आधी थोडक्यात सांगावयास हवे. १८५७ च्या उठावानंतर पकडलेल्या कैद्यांना ठेवण्यासाठी इंग्रजांनी मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरची वसाहत पुन्हा उभी केली. त्या वसाहतीच्या आसपासच्या अंदमानी टोळ्यांशी प्रथम लढाया झाल्या, मग हळूहळू देवाणघेवाण सुरू झाली. दक्षिणेकडच्या लिटल अंदमानवर मात्र कोणाचाच अंमल नव्हता. तेथे ओंगे लोक राहत. शिकार, मासेमारी, मध आणि कंदमुळे यांवर जगणारे हे लोक परक्या माणसाला किनाऱ्यावर पाऊल ठेवू देत नसत. मलाय आणि ब्रह्मदेशी चाचे या बेटांवर उतरून माणसे पकडून नेत व गुलाम म्हणून विकत, असे इतिहासकार सांगतात. जहाजातून उतरणाऱ्या माणसाकडे ओंगे कोणत्या नजरेने पाहत असतील, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

मार्च १८६७ मध्ये ‘आसाम व्हॅली’ नावाचे जहाज या बेटाजवळ थांबले. जहाजाचा कप्तान आणि सात खलाशी किनाऱ्यावर उतरले, ते परत आलेच नाहीत. बेटवासीयांनी त्यांना ठार केले असावे, असा तर्क झाला. बातमी रंगूनला पोहोचली, आणि ब्रिटिश ब्रह्मदेशच्या मुख्य आयुक्तांनी त्या आठ जणांचे काय झाले याचा छडा लावण्यासाठी ‘आराकान’ नावाच्या आगबोटीवरून सैनिकांची एक तुकडी धाडली. हे सैनिक चोविसाव्या पलटणीच्या दुसऱ्या बटालियनचे होते. ७ मे १८६७ रोजी ही मोहीम लिटल अंदमानच्या किनाऱ्याला लागली.

मे महिन्याचा पहिला आठवडा! वसई, अर्नाळा, सातपाटी किंवा मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला यापुढे फार सांगण्याची गरज नाही. मृगाच्या आधीच समुद्राची चाल बदलते, आणि एरवी शांत दिसणाऱ्या पाण्याखालून लांब पल्ल्याच्या लाटा येऊ लागतात. जाणता तांडेल अशा वेळी आपली होडी किनाऱ्यावर ओढण्याच्या विचाराला लागतो. बंगालच्या उपसागरात तर हे बदल आणखी लवकर जाणवतात. शिवाय लिटल अंदमानच्या भोवती पोवळ्यांचे खडक आहेत. खोल समुद्रातून आलेली लाट या उथळ खडकांवर चढली की तिचा तळ अडतो, माथा पुढे कलंडतो आणि लाट फुटते. अशा फुटणाऱ्या लाटांचा एक पट्टाच किनाऱ्याला समांतर तयार होतो. पट्ट्याबाहेर आगबोट निवांत उभी राहू शकते आणि पट्ट्याच्या आत वाळूवर माणूस निवांत बसू शकतो. मधल्या थोड्याशा अंतरातच सगळा मृत्यू साठवलेला असतो.

सैनिकांची एक तुकडी किनाऱ्यावर उतरली. बेटवासीयांचे बाण आले, सैनिकांनी बंदुका चालवल्या. या चकमकीत ओंगे लोक मारले गेले. किती, हे त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवले नाही, कारण त्यांच्याकडे लिपी नव्हती. ‘आसाम व्हॅली’ची माणसे जिवंत सापडली नाहीत. शोधाचे काम संपले आणि परतण्याची वेळ आली, तेव्हा समुद्राने वाट अडवली. उतरताना कसाबसा पार केलेला तो फेसाळ पट्टा आता होड्यांना ओलांडू देईना. पुढे जंगल, मागे लाटा, आणि दिवस उतरणीला लागलेला, अशा कात्रीत किनाऱ्यावरची माणसे सापडली.

बाहेरच्या होड्यांमध्ये पलटणीचा एक तरुण डॉक्टर होता. त्याचे नाव कॅम्पबेल मेलिस डग्लस. हुद्दा असिस्टंट सर्जन. वय सव्वीस. त्याने चार साध्या शिपायांना बरोबर घेतले. डेव्हिड बेल, जेम्स कूपर, विल्यम ग्रिफिथ्स आणि थॉमस मर्फी ही त्यांची नावे. या पाचांनी एक हलकी होडी घेतली आणि ती लाटांच्या पट्ट्यात घातली.

पहिल्या खेपेस ते जवळजवळ किनाऱ्यापर्यंत पोहोचले, पण होडी पाण्याने अर्धी भरली होती. ती तशीच पुढे रेटली असती तर वाचवणारे आणि वाचवले जाणारे दोघेही बुडाले असते. त्यांनी होडी माघारी फिरवली. मला या साऱ्या प्रसंगात हे माघारी फिरणे फार मोलाचे वाटते. शूर माणूस पुढेच जातो अशी आपली भाबडी कल्पना असते. येथे पाच माणसे पट्ट्याच्या आत जाऊन, त्याची चव घेऊन, रिकाम्या हाताने बाहेर आली, त्यांनी पाणी उपसले आणि पुन्हा त्याच जागी शिरली. पहिल्या वेळी धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येईल. दुसऱ्या वेळी तो पुरता ठाऊक होता.

दुसऱ्या खेपेस पाच जण होडीत आले आणि बाहेरच्या मोठ्या होड्यांपर्यंत सुखरूप पोहोचले. तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेस किनाऱ्यावर उरलेले सगळे आले. एकूण सतरा अधिकारी आणि शिपाई असे वाचले. त्यांच्यात मोहिमेच्या सैनिकांचा प्रमुख अधिकारीही होता, आणि पुढे पदकासाठी जो अहवाल गेला तो त्याचाच. ज्याला होडीत ओढून घेतले त्यानेच साक्ष दिली. अशी साक्ष इतिहासात नेहमी मिळत नाही.

त्या अहवालात डग्लसविषयी एक तपशील आहे. तो होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, उभा होता, आणि रोजचेच काम करावे तसे शांतपणे होडी चालवत होता. या तपशिलाचा अर्थ वल्ही मारलेल्या माणसालाच नीट कळेल. वल्ही मारणारा जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसतो. किनाऱ्याकडे जाताना या चौघांची तोंडे उघड्या समुद्राकडे होती. मागून चढून येणारी प्रत्येक लाट त्यांना दिसत होती, पण पुढचा खडक दिसत नव्हता. परतताना उलटे झाले. किनारा समोर दिसत होता आणि अंगावर येणाऱ्या लाटा पाठीमागे होत्या. दोन्ही वेळा अर्धे जग त्यांच्या पाठीमागे होते, आणि त्या अर्ध्या जगाविषयी त्यांना एकाच माणसाचे डोळे आणि एकाच माणसाचा आवाज यांवर विसंबायचे होते. कधी थांबायचे, कधी जोर लावायचा, कोणती लाट जाऊ द्यायची हे डग्लस सांगणार आणि चौघांनी त्याच क्षणी ते करायचे. एकाचे वल्हे चुकले तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला फुटणारी लाट दुसरी संधी देत नाही. म्हणून अहवालाने चौघांच्या निर्धाराचाही वेगळा उल्लेख केला आहे. त्यांच्यापैकी एकजण जरी कचरला असता तर परिणाम भयंकर झाला असता, असे त्याचे म्हणणे आहे.

डॉक्टरने होडी चालवावी हेही थोडे नवलाचे. पण डग्लसचा जन्म पाण्याच्या सान्निध्यातला होता. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रात ग्रोस ईल नावाचे एक बेट आहे. युरोपातून येणाऱ्या जहाजांवरील रोगी प्रवाशांना तेथे उतरवून वेगळे ठेवीत. त्या ठाण्याचे वैद्यकीय प्रमुख डॉ. जॉर्ज मेलिस डग्लस हे कॅम्पबेलचे वडील. १८४७ साली आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळातून पळालेली हजारो माणसे, बहुतेक कॅथलिक, टायफसचा ताप अंगात घेऊन या बेटावर उतरली. पाच हजारांहून अधिक माणसे तेथेच पुरली गेली. त्यांची सेवा करताना कित्येक धर्मगुरू आणि डॉक्टरही दगावले. मरण पावलेल्या डॉक्टरांचे स्मारक डॉ. डग्लस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या बेटावर उभारले. कॅम्पबेल त्या वर्षी सात वर्षांचा होता. आणि वीस वर्षांनंतर लिटल अंदमानच्या लाटांत त्याच्याबरोबर बसलेल्या चार शिपायांपैकी तिघांचा जन्म आयर्लंडमधला होता. बेल काउंटी डाउनचा, ग्रिफिथ्स रॉसकॉमनचा आणि मर्फी डब्लिनचा. दुष्काळ पडला तेव्हा ही सगळी लहान मुले होती. चौथा, कूपर, बर्मिंगहॅमचा.

आता पदकाकडे वळू. व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला जानेवारी १८५६ मध्ये, क्रिमियाच्या युद्धाच्या अखेरीस. मूळ नियम स्पष्ट होता की शौर्य शत्रूसमोरचे हवे. पण पुढच्याच वर्षी एक प्रसंग असा घडला की नियम अपुरा वाटू लागला. १८५७ च्या नोव्हेंबरात ‘सारा सँड्स’ हे जहाज चोपन्नाव्या पलटणीला घेऊन कलकत्त्याकडे येत असताना हिंदी महासागरात पेटले. शिपायांनी आगीच्या तोंडातून दारूची पिंपे ओढून समुद्रात टाकली आणि जहाज कसेबसे मॉरिशसला नेले. या कृत्याला पदक द्यावयाचे तर नियमात जागा नव्हती. म्हणून ऑगस्ट १८५८ मध्ये नवे फर्मान निघाले. जहाजाला लागलेली आग, बुडणारे जहाज किंवा तत्सम मोठ्या संकटात प्राण वाचवण्यासाठी दाखवलेल्या शौर्यालाही हा क्रॉस देता येईल, असे ठरले. गंमत अशी की ज्यांच्यामुळे नियम बदलला त्या ‘सारा सँड्स’वरच्या शिपायांना तो मिळालाच नाही.

या नव्या कलमाखाली पुढील तेवीस वर्षांत केवळ सहा क्रॉस दिले गेले. पहिला टिमथी ओहे या आयरिश शिपायाला मिळाला. त्याने जून १८६६ मध्ये कॅनडातील डॅनव्हिल येथे दारूगोळ्याने भरलेल्या रेल्वेच्या डब्याला लागलेली आग विझवली, आणि त्याच गाडीत कोंडलेले शेकडो जर्मन स्थलांतरित वाचले. उरलेले पाचही क्रॉस लिटल अंदमानच्या होडीतल्या माणसांना मिळाले. १७ डिसेंबर १८६७ च्या सरकारी गॅझेटमध्ये त्यांची नावे झळकली. एप्रिल १८८१ मध्ये नियम पुन्हा बदलला, शौर्य शत्रूसमोरचेच हवे असे ठरले आणि ती खिडकी बंद झाली.

त्याच १८८१ साली दुसरी एक खिडकी उघडली, तीही थोडी सांगण्याजोगी आहे. १८७९ च्या डिसेंबरात अफगाण युद्धात काबूलजवळ किल्ला काझी येथे घोडदळाचे काही स्वार घोड्यांसकट पाण्याने भरलेल्या खंदकात पडले आणि घोड्यांखाली दबून बुडू लागले. जेम्स ॲडम्स नावाच्या लष्करी पाळकाने, शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला असताना, कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांना ओढून काढले. हा पाळक अँग्लिकन, मूळचा आयर्लंडातील कॉर्कचा. पाळक हा शिपाई नव्हे, म्हणून त्याला क्रॉस देता येईना. मग ऑगस्ट १८८१ मध्ये हिंदुस्थानातील धर्मखात्याच्या पाळकांसाठी वेगळे फर्मान काढावे लागले. धर्मसेवकाला मिळालेला हा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. कृत्य तेच, बुडणाऱ्याला पाण्यातून काढण्याचे. फरक इतकाच की येथे शत्रू होता.

आणि हाच शब्द मला अस्वस्थ करतो. लिटल अंदमानच्या किनाऱ्यावर शत्रू नव्हता काय? बाण सुटले होते आणि बंदुका झडल्या होत्या. किनाऱ्यावर अडकलेल्यांना जेवढे भय लाटांचे होते तेवढेच जंगलाचेही असणार. तरीही सरकारच्या लेखी हे शौर्य शांततेच्या काळातले ठरले. कारण उघड आहे. शत्रू म्हणवून घेण्यासाठी राजा, राज्य, निशाण आणि सैन्य लागते. ओंगे लोकांपाशी यांतले काहीच नव्हते. ते मारले गेले, पण ज्या नोंदीने सतरा वाचलेल्यांना मोजले तिने त्यांना शत्रू म्हणूनही मोजले नाही. यामुळे डग्लस आणि त्याच्या चार सोबत्यांच्या शौर्याला उणेपणा येतो असे मी म्हणत नाही. होडीत बसलेल्या माणसाने समोर बुडण्याची पाळी आलेल्या सोबत्यासाठी जे केले ते निखळ आहे. त्या किनाऱ्यावर मुळात ती माणसे कशासाठी उभी होती, हा प्रश्न त्या पाचांना विचारण्याचा नव्हे. तो रंगूनच्या कचेरीला विचारण्याचा आहे. पण इतिहास लिहिणाऱ्याने एक पान उलटून दुसरे झाकणे बरे नव्हे.

त्या पाचांचे पुढे काय झाले? ग्रिफिथ्सची कथा सर्वांत करुण. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे झुलूंनी इंग्रज फौजेचा जो दारुण पराभव केला, त्यात चोविसाव्या पलटणीचे शेकडो शिपाई कापले गेले. ग्रिफिथ्स त्यांच्यातच होता. झुलूही आपल्याच भूमीवर परक्या सैन्याशी लढत होते. फरक एवढाच की त्यांना राजा होता, म्हणून ते शत्रू ठरले. कूपर १८८९ मध्ये आपल्या जन्मगावी, बर्मिंगहॅमला वारला. मर्फी अमेरिकेत गेला, १९०० साली फिलाडेल्फियात मरण पावला आणि तेथेच पुरला गेला. बेल सर्वांत दीर्घायुषी. तो इंग्लंडमधील केंट परगण्यात १९२० पर्यंत जगला, म्हणजे पहिले महायुद्ध पाहून गेला.

डग्लसला पाण्याची ओढ शेवटपर्यंत सुटली नाही. १८८५ मध्ये कॅनडाच्या वायव्येकडील बंडाच्या वेळी तो वैद्यकीय अधिकारी म्हणून गेला, तेव्हा घडीच्या एका छोट्या होडीतून सस्कॅचवान नदीने त्याने मोठा पल्ला गाठला. आणि १८९५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, अशाच घडीच्या होडीतून त्याने इंग्लिश खाडी एकट्याने पार केली. १९०९ च्या अखेरच्या दिवशी तो इंग्लंडमध्ये वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, त्याच्या जन्माच्या बेटावर १८४७ च्या आयरिश मृतांच्या स्मरणार्थ दगडी क्रूस उभारला गेला होता.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न अधिक नीटनेटका सोडवला गेला असे मला वाटते. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर चक्र, आणि शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी १९५२ मध्ये सुरू झालेले अशोक चक्र, अशी दोन स्वतंत्र पण तोलामोलाची पदके आहेत. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्या सामान्य नागरिकासाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदकही आहे. कोळीवाड्यातल्या मुलालाही ते मिळू शकते, त्यासाठी पलटणीत असण्याची अट नाही.

आणि ओंगे? त्यांच्याशी इंग्रजांचे संबंध सुरळीत झाले ते १८८० च्या दशकात, मॉरिस पोर्टमन या अधिकाऱ्याच्या काळात. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडी ग्रंथात पोर्टमनने इंग्रज आणि अंदमानी यांच्या संबंधांचा इतिहास लिहिला. मैत्रीने त्यांचे भले झाले असे मात्र म्हणता येत नाही. १९०१ च्या जनगणनेत ओंगे ६७२ होते. परके रोग आले, पुढे जंगल तुटले आणि वसाहती आल्या. २०११ च्या जनगणनेत ते १०१ उरले होते. एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या, बाजूला तोलकाठी बांधलेल्या त्यांच्या होड्या याच लाटांतून पिढ्यान्‌पिढ्या जात-येत आल्या होत्या.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामी आली, तेव्हा लिटल अंदमानवरील हट बे या वसाहतीची मोठी हानी झाली. डुगाँग क्रीक येथे राहणाऱ्या ओंगे लोकांची घरे वाहून गेली. पण भूकंपानंतर समुद्र मागे हटताना पाहून ते आधीच उंचावरच्या जंगलात चढले होते.